आजीचा शाळिग्राम फुटला, आत हे काय निघालं?

पेठेतली
रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गणपती आठ दिवसांवर आले म्हणून आज देवघर उतरवलं. टाक, घंटा, समई सगळं चिंच लावून घासायला मोरीवर घेतलं. त्याच ताम्हनात आजीचा शाळिग्राम होता, मग त्यालाही चिंचेचा हात फिरवला. बुळबुळीत हातातून सुटला तो थेट मोरीच्या दगडावर. आवाज फार नाही झाला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा. सरळ दोन तुकडे. आतून आईनं विचारलं, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि दोन्ही तुकडे ओढणीत धरून तशीच उभी राहिले.

हा शाळिग्राम आजीच्या सासूबाईंनी काशीहून आणलेला. मोठ्या लिंबाएवढा, काळाकुळकुळीत, एका बाजूला तोंड. आमचं तुळशीचं लग्न दरवर्षी ह्याच्याशीच लागतं. आत एवढं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं. फुटल्यावर बघते तर जिलबीसारखे वेढे. आतल्या वेढ्यांना आडव्या भिंती घालून बारक्या बारक्या खोल्या केल्यात, आणि त्या खोल्यांत खडीसाखरेसारखे पांढरे खडे. बाहेरच्या शेवटच्या वेढ्याला मात्र भिंत नाही, तो नुसता काळा दगड. मधेच सोनेरी भुकटी चमकते. एका कडेची साल उडालीय, तिथे कोथिंबिरीच्या पानाला असते तशी कातरलेली नक्षी आहे.

आईला संध्याकाळी सांगितलंच. ती रडायचीच बाकी होती. गुरुजींना फोन केला, ते म्हणाले शाळिग्रामाला खंडित दोष नसतो, चक्र शाबूत आहे ना, मग पूजेत ठेवा. त्यामुळे घर जरा शांत आहे. भाऊ म्हणतो ही नॉटिलस नावाची समुद्रातली गोगलगाय आहे. नेटवर एक जण नॉटिलसचा शंख विकतोय, तो जोडीला मागवू म्हणतोय.

तर हे नक्की काय आहे? नॉटिलसच का? आणि आपल्याकडे पन्हाळ्याला, जोतिबाला असे दगड मिळतात का?

कट्ट्यावरचा
रविवार, रात्री ११.१५

पन्हाळ्यावर मिळत असतील तर पुढच्या रविवारी मी मोकळा आहे. दगड नाही मिळाले तरी येताना तांबडा-पांढरा मिळेलच. जाणकार येईपर्यंत माझी जागा धरून ठेवतो.

बोअरवाला
सोमवार, सकाळी ६.२०

ताई, आधी आईंना सांगा की एवढी चांगली वस्तू फुटून फार कमी लोकांना बघायला मिळते. लोक असले दगड मुद्दाम करवतीनं कापून घेतात. तुमचा मोरीवर फुकटात कापला गेला.

माझा धंदा बोअरचा. वडिलांनी पहिली गाडी घेतली तेव्हा मला बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घ्यायला लावलं, घरात एक शिकलेला पाणाड्या असावा म्हणून. नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला अजून माझ्यापेक्षा जास्त पाणी लागतं, तो विषय वेगळा. पण दगड बघायची खोड तिथून लागली ती लागलीच.

तुमच्या हातात आहे तो अमोनाइट, म्हणजे संपून गेलेल्या समुद्री प्राण्याचं दगड झालेलं कवच. गोगलगाय नव्हे. गोगलगायीचं कवच म्हणजे एक सलग नळी, आत भिंत नसते. इथे तुम्ही ज्याला खोल्या म्हणालात तिथेच सगळं आलं. हा प्राणी फक्त शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या खोलीत राहायचा. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालून जुनी खोली बंद करायचा. मेल्यावर राहती खोली उघडी पडली, तिच्यात चिखल शिरला, म्हणून तुमचा शेवटचा वेढा काळा. मागच्या बंद खोल्यांत चिखल पोचलाच नाही. नंतर पाणी झिरपत राहिलं आणि त्यातलं कॅल्साइट भिंतींवर खडे धरून बसलं. ती तुमची खडीसाखर. सोनेरी भुकटी म्हणजे पायराइट, लोखंड आणि गंधक. प्राणवायू नसलेल्या समुद्रतळाच्या चिखलात ते तयार होतं.

बंद खोल्या कशाला, तर तरंगायला. सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी आरपार जाते. नव्या खोलीत आधी पाणीच असतं. नळीतलं मांस त्या पाण्यातलं मीठ ओढून घेतं, मिठामागोमाग पाणी येतं, आणि रिकाम्या जागेत हळूहळू वायू भरतो. लोणच्याच्या कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तोच कायदा. आम्ही पाणी वर काढायला पाच-सात अश्वशक्तीची मोटर सोडतो, हा गडी मिठावर काम भागवायचा. जिवंत नॉटिलस आजही हेच करतो.

पण भावाला अर्धेच मार्क द्या. नॉटिलसच्या भिंती साध्या वाकलेल्या असतात, वाटीसारख्या. त्या कवचाला जिथे चिकटतात तिथे साधी वळणदार रेघ उमटते. अमोनाइटची भिंत कडेला चुण्या पडून इतकी कातरलेली असते की रेघेचं पान होतं. तुमची कोथिंबीर म्हणजे तीच रेघ. दुसरी खूण नळीची. नॉटिलसची नळी भिंतीच्या मधून जाते, अमोनाइटची बहुतेक बाहेरच्या कडेला चिकटून. तुमच्या तुकड्यावर भिंग धरा, बाहेरच्या कडेने बारीक दोरा गेल्यासारखं दिसलं तर मला कळवा.

आला कुठून? नेपाळात मुक्तिनाथाकडून काली गंडकी येते. तिच्या काठाला काळ्या चिखलाचा जुना खडक आहे, स्पिती शेल म्हणतात, कारण तोच खडक हिमाचलात स्पितीलाही आहे. वय साधारण १४ ते १६ कोटी वर्षं. तेव्हा तिथे टेथिस समुद्र होता, हिमालय नव्हताच. भारत जाऊन आशियाला धडकला आणि तो समुद्रतळ उचलला गेला. मुक्तिनाथ आज साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. खडक झिजला की आतले गोटे नदीत पडतात, नदी ते घासते, काशीचे दुकानदार विकतात आणि शिवाजी पेठेत तुळशीचं लग्न लागतं.

आपल्याकडच्या कथेत वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून आत चक्र काढतो. इंग्लंडात व्हिटबी गावी ह्याच दगडांना साप म्हणायचे, संत हिल्डानं दगड केलेले साप. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून कारागीर त्यांना सापाचं तोंडही कोरून द्यायचे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकनं नॉटिलसच्या शंखाशी ताडून पाहिलं आणि हे कधीकाळी जिवंत प्राणी होते असं ठामपणे मांडलं. मला विचाराल तर आपला वज्रकीट सापापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे. निदान चक्र प्राण्यानं केलंय एवढं तरी आपल्या लोकांनी बरोबर धरलं.

आता पन्हाळा. नाही. कितीही खोल मारा, नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे लाव्हा. माझ्या बोअरला वर मुरूम लागतो, मग पाषाण, मग अचानक भुकटी तांबडी येते. ती दोन लाव्ह्यांच्या मधली भाजलेली माती. मग परत पाषाण. पन्हाळ्यावर, जोतिबावर वर जांभ्याची टोपी आहे एवढंच. उकळत्या रसात कोण टिकणार? तुम्हाला पाषाणाच्या पोकळीत पांढरे, हिरवट खडे मिळतील, गारगोट्या मिळतील (गारगोटी गावाच्या पोरांनी ह्यावर चिडू नये), पण समुद्रातला प्राणी मिळणार नाही. बरं, जिल्ह्याच्या दक्षिणेला, आजरा-चंदगडकडे, ह्या लाव्ह्याखालचा जुना खडक उघडा पडलाय. तो इतका जुना की कवचवाले प्राणी तेव्हा जन्मायचे होते. म्हणजे वरचा खडक अमोनाइटला फार कोवळा आणि खालचा फार म्हातारा. वहीची नेमकी मधली पानं फाटलेली.

बघायचेच असतील तर कच्छला जा. भुजच्या आसपासच्या टेकड्यांत इतके आहेत की भूगर्भ खात्यासाठी विल्यम वागेननं १८७० च्या दशकात त्यांच्यावरच ग्रंथ लिहिला. जैसलमेरला आहेत. तमिळनाडूत अरियालूरला आहेत. खिशात घालून आणू नका, परवानगी लागते.

आणि चिंच! ताई, ह्याला चिंच, लिंबू, पीतांबरी काही लावू नका. आंबटानं कॅल्साइट झिजतं. फुटलेल्या तोंडावर पायराइट उघडं पडलंय, ते सतत ओलं राहिलं तर सडतं, पांढरी भुकटी सुटते आणि दगड ढिसूळ होतो. अभिषेक करा, पण लगेच कोरडं करून ठेवा.

बोअरची गाडी निघायची वेळ झाली. बाकी रात्री.

स्पष्टवक्ता
सोमवार, दुपारी १.०५

सगळं ठीक आहे, पण देवाला "प्राणी" आणि "गडी" म्हणण्यापर्यंत मजल जाऊ नये. शिवाय नॉटिलसचं वळण अचूक सुवर्ण गुणोत्तरात असतं, हे जगजाहीर आहे. आपोआप घडलेल्या वस्तूत एवढं गणित येत नाही.

बोअरवाला
सोमवार, रात्री ९.४०

गडी शब्द मागे घेतो. आमच्यात लाडकी माणसं गडीच असतात, पण लागला असेल तर माफी.

सुवर्ण गुणोत्तराचं मात्र मागे घेत नाही. सुवर्ण वळण एका पूर्ण वेढ्यात ६.८५ पट मोठं होतं. नॉटिलसचा शंख एका वेढ्यात साधारण ३ पट होतो. मोजपट्टी घेऊन बसलं तर कुणालाही दिसेल. वळण ठरावीक पटीनं वाढतं एवढं खरं, आणि तेवढं गणित प्राण्याला यायची गरज नाही. तोंडाशी दर वेळी त्याच आकाराची, जरा मोठी भर घालत गेलं की वळण आपसूक येतं.

सकाळी राहिलेलं लिहितो. अमोनाइटांची जात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपली. बारके नाण्याएवढे होते, आणि जर्मनीत सेपेनराडेला १८९५ साली सापडलेला तर पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद आहे. उभा केला तर आमच्या हेल्पराएवढा. एवढ्या काळात बाकीची मोठाली संकटं त्यांनी जेमतेम का होईना पार केली, शेवटच्यात मात्र गेले. तेव्हा मेक्सिकोत युकातानला दहाएक किलोमीटरची अशनी पडली. आणि त्याच सुमारास आपल्या पायाखालचा लाव्हा वाहत होता. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना गावांची नावं दिलीत, त्यात वरच्या एका थराचं नाव चक्क पन्हाळा आहे. बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल अशनीकडे आहे, लाव्ह्याचा हात किती यावर अजून भांडण चालू आहे. मी दिवसभर ज्या पाषाणात बिट घालतो तो ह्या खटल्यातला संशयित आहे, हे मला कॉलेजात कळलं तेव्हा दोन रात्री झोप नव्हती.

मग नॉटिलसचं घराणं कसं वाचलं? ह्यावर मला सगळ्यांत पटलेलं उत्तर पिल्लांचं आहे. अमोनाइटचं पिल्लू मोहरीएवढं, एक-दीड मिलिमीटरचं. अंड्यातून निघालं की वरच्या पाण्यात तरंगत सूक्ष्म जीव खायचं. अशनीनंतर अंधार पडला, पाणी आंबट झालं, वरचं अन्नच गेलं. पिल्लं गेली म्हणजे जात गेली. नॉटिलसचं अंडं तीन-चार सेंटिमीटरचं, बलकानं भरलेलं. ते उबायला वर्षभर लागतं आणि पिल्लू बाहेर येतं तेच दहाच्या नाण्याएवढं, शिदोरी खाऊन. मोठा झाल्यावरही हा खोल राहणारा, मेलेलं-कुजकं खाणारा. वरचं दुकान बंद झालं तरी ह्याचं अडत नाही.

त्या घराण्यातले आज दोनच वंश उरलेत, नॉटिलस आणि अलोनॉटिलस. फिलिपाइन्स, पापुआ न्यू गिनी, फिजी, न्यू कॅलेडोनिया ह्या बाजूला. नव्वदच्या आसपास भुजा, पण माकुलासारखे (स्क्विड म्हणतात ते) चोषक नाहीत. डोळ्याला भिंग नाही, नुसतं छिद्र, आत समुद्राचं पाणी खेळतं. आठशे मीटरच्या आसपास खाली गेला तर पाण्याच्या दाबानं कवच आत फुटतं. वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून शंखासाठी पकडायला लागल्यावर गावंच्या गावं रिकामी झाली. २०१६ साली त्याच्या जगभरच्या व्यापारावर निर्बंध आले. आपल्याकडे तर २००१ सालीच तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, वाघाच्या रांगेत. भावाला सांगा, तो शंख मागवू नको.

किनाऱ्यावरचो
मंगळवार, सकाळी ७.५५

मी मालवणचा, सध्या नोकरीनिमित्त कोल्हापुरात. बोअरवाल्यांनी एक गोष्ट सांगितली नाही म्हणून लिहितोय. अमोनाइटाचं नातं नॉटिलसपेक्षा आमच्या माकुलाशी जास्त जवळचं आहे. दिसायला नॉटिलस भाऊ वाटतो, तो निघतो लांबचा चुलता. पुरावा तोंडातला आहे. ह्या सगळ्यांच्या जिभेवर किसणीसारखे दात असतात. नॉटिलसच्या एका ओळीत तेरा तुकडे, माकुलाच्या नऊ. अमोनाइटांचे जे थोडे दात दगडात सापडले ते नऊवाले.

माकुल साफ करताना पाठीतून पारदर्शक पट्टी ओढून काढतात ना, प्लास्टिकसारखी? तेच त्याच्या पूर्वजांचं कवच, आत गेलेलं आणि झिजलेलं. चपट्या जातीच्या माकुलात ती पट्टी नसते, पांढरी होडी असते. तीच समुद्रफेस. तुमच्याकडे पक्षीवाल्यांच्या दुकानात पोपटाला चोच घासायला देतात, काष्ठौषधीवाल्याकडेही मिळते. एक आणून धारदार सुरीनं आडवी कापा आणि उजेडात धरा. पापडाच्या चळतीसारखे एकावर एक पातळ मजले दिसतील, मधे बारीक खांब. त्या मजल्यांतही पाणी आणि वायू कमीजास्त करून माकुल वर-खाली होतं. म्हणजे खोल्यांची युक्ती गेली नाही, पोटात गेली. आमची आवस (आई) समुद्रफेस उगाळून कानाच्या औषधात घालायची, तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

गुंडाळी आणि खोल्या दोन्ही राखलेला एक नातेवाईक अजून आहे, स्पायरुला. बोटाएवढा, आत बांगडीच्या तुकड्यासारखं पांढरं वळण. त्याचं कवच किनाऱ्याला लागतं, पण जिवंत स्पायरुला त्याच्या खोल पाण्यात पहिल्यांदा २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफजवळ चित्रित झाला. तो डोकं खाली करून राहत असणार असं सगळे समजत होते. कॅमेऱ्यात डोकं वर!

जाता जाता. टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेवाची काशाची मूर्ती आहे, रोमहून आलेली. कोल्हापूरकर समुद्राला परके आहेत असं समजू नका.

पेठेतली
बुधवार, रात्री ९.१०

किती लिहिलंत सगळ्यांनी! थोडं माझंही.

एका मैत्रिणीनं शंका काढली की हल्ली सिमेंटचे नकली शाळिग्राम येतात. आमचा चार पिढ्यांचा, तरी किडा डोक्यात शिरला. काल गुजरीत ओळखीच्या सराफांकडे गेले. त्यांनी मोठा तुकडा काट्यावर ठेवला, २१२ ग्रॅम भरला.

थांबा, चुकलं, दोन्ही तुकडे मिळून २१२. मग दोन्ही रेशमी दोऱ्यात बांधून पाण्यात लोंबते ठेवून वजन घेतलं, १३४. काका म्हणाले, पाण्यात घटलं ते ७८, त्यानं २१२ ला भाग दे. २.७ आलं. म्हणाले, "सिमेंट हलकं भरतं, हा दगडच आहे." पैसे घेतले नाहीत, उलट शाळिग्रामाला हात लावून नमस्कार केला. मी लगेच पुसून कोरडा केला, बोअरवाले दादा!

त्यांच्याच भिंगातून बघितलं. बाहेरच्या कडेनं दोरा आहे. काळा, केसापेक्षा जरा जाड, खोली-खोलीतून गेलेला. मी पाच मिनिटं भिंग सोडलं नाही, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

भावानं शंखाचा नाद सोडलाय. त्याऐवजी पिंजऱ्याच्या दुकानातून दहा रुपयांची समुद्रफेस आणून कापली. मजले दिसले. खांबही दिसले. घरभर पांढरी पूड झाली ती मीच झाडली.

दोन्ही तुकडे देवघरात आहेत, आईनं एकाखाली तुळशीचं पान ठेवलं, दुसऱ्याखालीही ठेवलं. तुळशीच्या लग्नाला दोन्ही एका कापडात गुंडाळून बसवायचे ठरलं. एकच भानगड झाली. किनाऱ्यावरच्यांचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, दात मोजलेले ऐकलं, आणि म्हणाली, "म्हंजे माकुल त्यांच्या घरातलं झालं की. मग सोयऱ्याला कुणी फोडणीत घालतंय व्हय?" श्रावण संपल्यावर भाऊ रत्नागिरीची माकुलं आणणार होता. आता आमच्यात माकुल बंद. भाऊ सकाळपासून माझ्याशी बोलत नाही.

किनाऱ्यावरचो
बुधवार, रात्री ९.२५

काकींना सांगा, सुरमई चालते. तिचा काही संबंध नाही.